शब्दमर्यादा

यंदा एकेचाळीस अर्ज आले.
वाचनालयाच्या तळघरात, गरम पाण्याच्या पाइपाखाली,
आम्ही तिघं वाचतोय:
रेडिओवरची डल्सी, कॉलेजातले बोडेन सर,
आणि मी, बंद पडलेल्या दैनिकाचा
रात्रपाळीचा शेवटचा उपसंपादक.
शिष्यवृत्ती तशी बेताचीच. चार हजार डॉलर.
एका सत्राची फी निघते, पुस्तकं नाही.
अट एवढीच, की जन्म दुसऱ्या देशातला हवा
आणि बातमीदार व्हायचं मनात हवं.
का व्हायचं, ते पाचशे शब्दांत.

चाळीस जणांनी 'सत्य' हा शब्द वापरलाय,
काहींनी तर पहिल्याच ओळीत.
जुन्या सवयीनं मी पेन्सिलीनं तो खोडत जातो.
डल्सी डोळे वटारते: अहो, हे छापायचं नाहीये.

एकेचाळिसावा अर्ज मारिसेला त्झोक इश्कोय हिचा.
वय एकोणीस. जन्म ग्वातेमालाच्या डोंगरात.
घरची भाषा किचे.
आमच्या छापील यादीत ती भाषा नव्हती.
तिनं 'इतर'वर खूण केली नाही.
बाजूला हातानं एक चौकोन काढला,
आणि त्यात केली.

पुढे सत्याबित्याचं काही नाही.
मासे आहेत. हॅडक, कॉड, पोलॉक,
आईचा हात कुठल्यावर किती चालतो,
हातमोज्यांचे पैसे पगारातून कसे कापतात.
दवाखान्यात आईचं दुखणं तिनं
किचेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत कसं नेलं,
आणि 'गर्भाशय' हा शब्द बाराव्या वर्षी
तिन्ही भाषांत कसा शिकावा लागला.

मग तिसऱ्या परिच्छेदात, अवतरणचिन्हांत,
माझी बातमी:

'धक्क्यावरील मासळी कारखान्यात अपघात.
एक स्थलांतरित कामगार मृत.
सरकता पट्टा तासाभरात पूर्ववत सुरू.'

तो तिचा मामा.
पान चार, खालचा कोपरा, टायरच्या जाहिरातीशेजारी.
आठवतंय मला. बातमीदारानं नाव पाठवलं होतं,
फोन करून एकेक अक्षर सांगितलं होतं.
लांबलचक नाव, चौथ्या ओळीत उतरत होतं
आणि चौथ्या ओळीला जागा नव्हती.
रात्रीचे साडेअकरा. खाली छपाई खोळंबलेली.
मी नाव काढलं. पट्टा ठेवला.

माझे आजोबा अझोरेस बेटांवरून इथं उतरले तेव्हा
बंदरातल्या कारकुनानं त्यांच्या आडनावातलं एक अक्षर गिळलं.
नाताळच्या जेवणात हा किस्सा मीच सांगतो,
कारकुनाचा आवाज काढून.

मारिसेलानं कुणाला बोल लावलेला नाही.
लिहिलंय, 'तेव्हा मी अकरा वर्षांची होते.
वहीत रकाना आखून पाहिला.
"तासाभरात पूर्ववत" काढलं असतं
तर मामा बसला असता.'

आणि मग शेवटी त्याचं नाव,
आईकडचं, बापाकडचं, सगळं:
दिएगो बाल्तासार इश्कोय लुक्स
आणि तिथं पाचशे शब्द भरतात.
पुढे क्रियापद नाही. पूर्णविरामही नाही.

बोडेन सर म्हणतात, पोरीचं लिखाण बरं आहे, पण अर्धवट वाटतं.
डल्सी माझ्याकडे बघते.
जिथं आपला हात गुंतलाय तिथं मत द्यायचं नाही,
हे मी तीस वर्षं नव्या पोरांना शिकवलं.
तेव्हा म्हणालो, ही बातमी मी कापली होती.
या अर्जावर माझं मत धरू नका.
बराच वेळ पाइपच खडखडत राहिला.

उठण्याआधी पेन्सिलीनं त्या नावाखाली
बारीक ठिपके दिले, ओळीनं.
छापखान्यातली जुनी खूण: हे खोडू नये.
डल्सीला ती माहीत असावी. बोडेन सरांना नसावी.

बाहेर बर्फ मळकं झालं होतं. गाडीची काच खरवडताना
सारखं तेच डोक्यात येत राहिलं,
की टायरची जाहिरात
अर्धा इंच खाली सरकली असती.